मूत्रमार्गाची दुरुस्ती : वण, ठिगळ आणि कलम

मोठ्यांची सायकल शिकणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे पाय सीटवर बसून जमिनीला पोचत नाहीत. मग तो दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्यानेच पायडल मारतो. कधीतरी पाय सटकतो आणि तो दांडीवर दाणकन आदळतो. दोन्ही पायांच्या मधोमध मार बसतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आजूबाजूची मुले हसतात. मुलगा लाजतो, घरी काही सांगत नाही आणि चार दिवसांत दुखणे थांबले की सारे विसरूनही जातो. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. पण काही थोड्या मुलांच्या बाबतीत ती संपत नाही. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, लघवीची धार बारीक होऊ लागते, जोर करावा लागतो, वेळ लागतो. तोवर सायकलची आठवणही राहिलेली नसते.

या विकाराला मूत्रमार्गाचा संकोच म्हणतात. वर्गात किंवा घरात हा विषय सहसा निघत नाही. पण तो समजून घेताना आपल्याला द्रवाच्या प्रवाहाचे भौतिकशास्त्र लागते, जखम कशी भरते याचे जीवशास्त्र लागते आणि शिवणकामातली एक साधी युक्तीही लागते. शिवाय तो वेळेवर समजला तर एखाद्याची मूत्रपिंडे वाचू शकतात. म्हणून या लेखात त्याविषयी मोकळेपणाने बोलू.

रस्ता कसा आहे?

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र मूत्राशयात साठते आणि तिथून मूत्रमार्गाने बाहेर पडते. स्त्रियांमध्ये हा मार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा आणि सरळ असतो. पुरुषांमध्ये तो १८ ते २० सेंटिमीटर लांब आणि वळणाचा असतो. मूत्राशयाखाली तो प्रथम प्रोस्टेट ग्रंथीतून जातो, मग मूत्र रोखून धरणाऱ्या स्नायूंच्या कड्यातून, मग अंडकोशाच्या मागच्या भागातून आणि शेवटी शिश्नातून. लांबी आणि वळणे यांमुळे मार्गाचा संकोच हा मुख्यतः पुरुषांचा विकार आहे.

शेवटच्या दोन भागांत या नळीभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेल्या, स्पंजासारख्या ऊतीचे वेष्टन असते. आतले नाजूक अस्तर याच वेष्टनाच्या रक्तावर जगते. अंडकोशामागचा भाग ओटीपोटाच्या हाडाच्या अगदी खाली असतो. सायकलची दांडी, कुंपणाची भिंत किंवा गटाराच्या उघड्या झाकणाची कड यांवर माणूस पाय फाकलेल्या स्थितीत आदळला, तर ती वस्तू आणि हे हाड यांच्यामध्ये मूत्रमार्ग चिरडला जातो. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसाच हा प्रकार.

संकोचाची इतरही कारणे आहेत. वाहनाच्या अपघातात ओटीपोटाचे हाड मोडले तर मूत्रमार्ग पूर्ण तुटू शकतो. रुग्णालयात घातलेली लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, जाड असेल, फार दिवस राहिली किंवा जोराने घातली गेली तरी अस्तराला इजा होते. पूर्वी परमा या गुप्तरोगामुळे अनेकांना हा विकार होई. प्रतिजैविके आल्यावर ते प्रमाण बरेच घटले. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या एका त्वचाविकारात शिश्नाच्या टोकाची त्वचा पांढरी व कडक होते आणि तो विकार हळूहळू आत सरकत मूत्रमार्गाचा मोठा भाग अरुंद करतो. आणि काही रुग्णांत शोधूनही कारण सापडत नाही.

बाटली आणि रिफील

नळी अरुंद झाली तर प्रवाह किती घटतो? वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. एक लिटरच्या दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. दोन्हींना तळाजवळ सारख्याच उंचीवर भोक पाडा. एकात सरबत पिण्याच्या स्ट्रॉचा ५ सेंटिमीटरचा तुकडा बसवा, दुसऱ्यात बॉलपेनच्या रिकाम्या, धुतलेल्या रिफीलचा तेवढ्याच लांबीचा तुकडा. फटी मेणाने बुजवा. बाटल्या सारख्या उंचीपर्यंत भरा, झाकणे उघडी ठेवा आणि २०० मिलिलिटर पाणी जमायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. दोन्ही नळ्यांचे आतले व्यास मोजून त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा. वेळेतला फरक या गुणोत्तरापेक्षाही जास्त निघतो असे दिसेल. कारण अरुंद नळीत पाण्याचा बराच मोठा वाटा नळीच्या भिंतीला घासत जातो.

प्वाझय या फ्रेंच वैद्यकाने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांवर काटेकोर प्रयोग केले. नळी लांब आणि प्रवाह संथ असेल तर प्रवाहाचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते असे त्याला आढळले. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह एक-सोळांश होतो. मूत्रमार्गातला प्रवाह वेगवान आणि खळबळता असतो, त्यामुळे हा नियम तिथे तंतोतंत लागू पडत नाही. पण त्यातला बोध खरा आहे : नळी आधीच बारीक असताना आणखी थोडीशी आकसली तरी परिणाम फार मोठा होतो.

याची उलट बाजूही महत्त्वाची आहे. प्रौढ पुरुषाचा निरोगी मूत्रमार्ग लघवी होताना साधारण ८ ते १० मिलिमीटर व्यासाइतका उघडू शकतो. तो आकसत ३ ते साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत धारेत फारसा फरक जाणवत नाही. त्यानंतर मात्र धार झपाट्याने घटते. म्हणजे रुग्णाला त्रास जाणवू लागतो तेव्हा निम्म्याहून जास्त व्यास आधीच गेलेला असतो.

या मोजमापासाठी डॉक्टर मिलिमीटरऐवजी ‘फ्रेंच’ हे एकक वापरतात. १९ व्या शतकात पॅरिसमध्ये शार्रिएर नावाचा शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारा कारागीर होता. त्याने नळ्यांच्या जाडीचे क्रमांक ठरवले : ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर व्यास. मोठ्या माणसाला बहुधा १६ क्रमांकाचा कॅथेटर घालतात. त्याचा व्यास किती ते विद्यार्थ्यांना काढायला सांगता येईल.

रुग्णाची तपासणीही आपल्या बाटलीच्या प्रयोगासारखीच असते. त्याला एका यंत्रात लघवी करायला सांगतात आणि दर सेकंदाला किती मिलिलिटर लघवी पडली याचा आलेख निघतो. निरोगी तरुणाचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो आणि त्याचे शिखर बहुधा सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असते. संकोच असेल तर आलेख थोडासा चढतो आणि मग पठारासारखा सपाट राहतो. मूत्राशयाने कितीही जोर केला तरी अरुंद जागेतून ठरावीकच प्रवाह जातो, हे त्या सपाट रेषेवरून कळते. संकोच नेमका कुठे आणि किती लांब आहे हे पाहण्यासाठी मूत्रमार्गात क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून चित्र घेतात.

दुर्लक्ष केले तर? मूत्राशयाच्या स्नायूंना जादा जोर लावावा लागतो, त्यामुळे भिंत जाड होते. मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात. शेवटी दाब मागे मूत्रपिंडापर्यंत पोचतो आणि ती निकामी होऊ शकतात. दोषी जागा असते जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, पण किंमत मोजतात मूत्रपिंडे.

वण आकसतो

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मार बसला तेव्हा नळी अरुंद झाली नव्हती. मग ती पुढे का होते?

याचे उत्तर जखम भरण्याच्या क्रियेत आहे. भाजलेली त्वचा बरी होताना ओढली जाते, बोटे वाकडी होतात, हे आपण पाहिले असेल. जखमेत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणणाऱ्या पेशी जमतात. त्यांतल्या काही पेशींमध्ये स्नायूंसारखी आकुंचन पावण्याची शक्ती येते, हे गाब्बियानी, रायन आणि मायनो या संशोधकांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या पेशी जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढतात. हातावरच्या जखमेत ही ओढ उपकारक असते, जखम लवकर मिटते. पण जखम नळीच्या आत गोलाकार असेल तर तीच ओढ पिशवीच्या तोंडाची नाडी आवळावी तशी नळी आवळते. शिवाय वण आतल्या अस्तरापुरता राहत नाही. भोवतालचा स्पंजही त्यात ओढला जातो, तिथल्या रक्तवाहिन्या नाहीशा होतात आणि उरते ती रक्त कमी मिळणारी, ताठर, दोऱ्यांसारखी ऊती.

म्हणजे इथे शरीराने केलेली दुरुस्ती हाच रोग झाला आहे. पुढची सारी शस्त्रक्रिया या एका वाक्याभोवती फिरते.

ताणणे आणि कापणे

नळी अरुंद झाली तर ती ताणून रुंद करावी, हे पहिले सुचणारे उत्तर. सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ या विकारावर असा उपाय सांगितला आहे. तो विकार शिश्नाच्या टोकावरील त्वचेचे तोंड आवळण्याचा आहे, मूत्रमार्गाचा नव्हे. पण तत्त्व तेच आहे. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही बाजूंनी उघडी नळी तूप लावून आत घालायची आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरायची. मूत्रमार्गात क्रमाने जाड होत जाणाऱ्या सळया घालण्याचा उपचार आजही केला जातो. रुग्णाला लगेच आराम पडतो. पण वण ताणताना तो बऱ्याचदा फाटतो, फाटला की नवी जखम होते, नव्या जखमेचा नवा वण होतो आणि तो पुन्हा आकसतो.

दुसरा उपाय म्हणजे वण आतून उभा चिरणे. १८५५ च्या सुमारास पॅरिसच्या मेझोन्यव्ह यांनी त्यासाठी खास पाते बनवले, पण ते अंधारातच चालवावे लागे. १९७० च्या दशकात जर्मनीतील झाक्स यांनी दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहत कापण्याची पद्धत आणली आणि ती जगभर पसरली. तिच्यामागचा हिशेब एका शर्यतीचा आहे. चीर उघडी असताना दोन क्रिया चालू असतात : कडेच्या अस्तराच्या पेशी सरकत येऊन चीर झाकतात आणि वण चीर मिटवू पाहतो. अस्तर जिंकले तर नळी रुंद राहते, वण जिंकला तर संकोच परत येतो. संकोच आखूड असेल आणि भोवतालचा स्पंज बराचसा निरोगी असेल तर अस्तराला संधी असते. लांब आणि खोल वणात ती नसते.

ताणणे बरे की कापणे बरे? १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतील स्टीनकँप, हेन्स आणि डी कॉक यांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करून तुलना केली. दोहोंच्या यशात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली : दोनदा उपचार करूनही संकोच परतला असेल तर तिसऱ्यांदा तेच करून तो कायमचा बरा होण्याची आशा जवळजवळ नसते. तरीही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे हेच उपचार पुन्हा पुन्हा करून घेत राहतात.

वण काढून टाकणे

मग वणच काढून टाकला तर? संकोच अंडकोशामागच्या भागात आणि साधारण २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर हे शक्य होते. रोगट तुकडा कापून काढतात आणि निरोगी टोके जोडतात. मूत्रमार्ग थोडा लवचीक असल्याने एवढे अंतर भरून निघते. टोके आडवी सरळ न कापता ती थोडी उभी चिरून पसरट करतात, म्हणजे सांधा गोल न होता लंबगोल व मोठा होतो. नव्या सांध्यावरही थोडा वण होणारच. पण तो आकसला तरी वाट पुरेशी रुंद राहते. योग्य रुग्णांत या शस्त्रक्रियेला शंभरांत नव्वदाहून अधिक वेळा यश येते.

संकोच यापेक्षा लांब असेल तर मात्र टोके जुळत नाहीत. ओढून जोडली तर सांध्यावर ताण येतो आणि शिश्न वाकू शकते. इथे शिवणकामातली युक्ती उपयोगी पडते. अंगरखा काखेत घट्ट झाला तर आपण तो फेकून देत नाही. शिवण उसवून त्यात वेगळ्या कापडाची कळी घालतो. शल्यविशारदही तेच करतात. अरुंद भाग लांबीच्या दिशेने उघडायचा आणि त्या फटीत नवे अस्तर शिवायचे. प्रश्न असतो कापडाचा.

बरीच वर्षे हे कापड त्वचेचे असे. पण सतत ओली राहिली की त्वचा बिघडते. अंडकोशाच्या त्वचेवर केस असतात. ते मूत्रमार्गात वाढत आणि त्यांवर क्षार साचून खडे होत. लायकेन स्क्लेरोसस असेल तर आजूबाजूची त्वचा वापरणे म्हणजे रोगच पुन्हा आत शिवणे.

उत्तर होते आपल्या तोंडात. गालाच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून पाहा. हे अस्तर कायम ओले असते, त्याला केस नसतात, जंतूंची त्याला सवय असते. त्याचा वरचा थर जाड व चिवट आणि खालचा थर पातळ पण केशवाहिन्यांनी भरलेला असतो. तुकडा काढल्यावरची जखम लवकर भरते आणि बाहेरून दिसत नाही. तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आजच्या युक्रेनमधील, शल्यविशारद सपेझ्को यांनी १८९४ मध्ये तोंडातील अस्तर मूत्रमार्गासाठी वापरल्याची नोंद आहे. १९४१ मध्ये लंडनच्या हंबी यांनीही ते वापरले. पण दोघांचेही काम मागे पडले. १९९३ मध्ये इजिप्तमधील एल-कसाबी व सहकाऱ्यांनी संकोचावर ते यशस्वीपणे वापरले आणि १९९६ मध्ये इटलीतील बार्बाग्ली यांनी ही कळी मूत्रमार्गाच्या वरच्या बाजूला, खालच्या घट्ट ऊतीवर टेकवून शिवण्याची पद्धत मांडली. घट्ट आधारामुळे कळीला फुगा येत नाही आणि तिला रक्तही चांगले मिळते.

कलम जगते कसे?

गालातून काढलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा पूर्ण तुटलेला असतो. मग तो कुजत का नाही? आंब्याचे कलम आठवा. फांदी आणि खुंट यांच्या सालीखालचा जिवंत थर जुळवून घट्ट बांधला तरच ती जगते. बांध हलला की ती सुकते. इथेही तसेच आहे. पहिले दोन दिवस तुकडा टिपकागदासारखा खालच्या ऊतीतून झिरपणारा द्रव शोषून जगतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत खालच्या केशवाहिन्यांची तोंडे तुकड्यातल्या केशवाहिन्यांच्या तोंडांना जुळू लागतात आणि त्यात पुन्हा रक्त फिरू लागते. म्हणून तुकड्याखालची चरबी काढून तो पातळ करतात, म्हणजे द्रवाला कमी अंतर जावे लागते. त्याला ठिकठिकाणी टाके घालून खाली चिकटवतात, म्हणजे मध्ये रक्त साचत नाही. साधारण तीन-चार आठवडे कॅथेटर ठेवतात, म्हणजे नव्या शिवणीतून लघवी झिरपत नाही. जिथे वणामुळे खालची जमीनच नापीक झाली आहे तिथे कलम लागत नाही. अशा वेळी काम दोन टप्प्यांत करावे लागते.

या क्षेत्रात पुण्यात झालेले काम जगभर अभ्यासले जाते. डॉ. संजय कुलकर्णी यांनी २००९ मध्ये बार्बाग्ली व इतरांसोबत एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू शाबूत राहतात. संपूर्ण मार्ग अरुंद झाला असला तरी अंडकोशामागच्या एकाच छेदातून, शिश्नावर चीर न देता, काम करता येते. २०१२ मध्ये त्यांनी ११७ रुग्णांचा अनुभव मांडला. संकोचाची सरासरी लांबी १४ सेंटिमीटर होती आणि सुमारे ८४ टक्के रुग्णांत यश आले. आधीची शस्त्रक्रिया फसलेल्या रुग्णांत यशाचे प्रमाण कमी होते. पहिला उपाय योग्य निवडणे किती महत्त्वाचे आहे ते यावरून दिसते.

अर्थात प्रत्येकाला मोठी शस्त्रक्रियाच हवी असे नाही. ब्रिटनमध्ये संकोच परतलेल्या २२२ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत लक्षणांतला आराम चिरणे आणि दुरुस्ती या दोन्ही गटांत सारखाच होता. पण पुन्हा उपचार करण्याची वेळ दुरुस्तीच्या गटात सुमारे निम्म्याच प्रमाणात आली. निवड करताना रुग्णासमोर या दोन्ही गोष्टी ठेवायला हव्यात.

नवे प्रयत्नही वण आणि अस्तर यांच्या शर्यतीतच अस्तराला हात देणारे आहेत. वण विणणाऱ्या पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेल्या फुग्याने मार्ग रुंद करण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. २०११ मध्ये अटाला व सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील पाच मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्याच पेशी विरघळणाऱ्या साच्यावर वाढवून बनवलेले मूत्रमार्ग त्यांना बसवले होते आणि ते काही वर्षांनंतरही काम करीत होते.

शाळेत काय करता येईल?

दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली तंबाखूची. गुटखा, मावा, सुपारी यांनी गालाचे आतले अस्तर ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. कर्करोगाचा धोका आपण मुलांना सांगतोच. पण आपल्या शरीराने दुरुस्तीसाठी जपून ठेवलेले हे उत्तम कापडही आपण त्यात जाळतो, हे क्वचितच कोणी सांगते. गालाचे अस्तरच वणाने भरले असेल तर शल्यविशारद कळी कुठून आणणार?

दुसरी गोष्ट पडण्याची. दोन पायांमध्ये मार बसल्यावर मुलाच्या मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसले, लघवी लाल झाली किंवा लघवी होईना, तर त्याला जोर करायला लावू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि मार कसा बसला ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशा वेळी मूत्रमार्गातून अंदाजाने नळी सरकवल्यास अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण फाटू शकतो. त्यामुळे डॉक्टर आधी क्ष-किरण चित्र घेतात आणि गरज पडल्यास ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालतात. असे काही दिसले नाही तरी पालकांना कळवावे आणि पुढे कधी धार बारीक झाली तर दाखवायला सांगावे.

आणि मैदानावर हसणाऱ्या मुलांना थांबवावे. मुलगा त्या हसण्यामुळे गप्प बसतो. आत वण मात्र त्याचे काम करीत राहतो.